आधी हरणाऱ्याची बाजू

उमराणीसाहेबांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चहा आणायला उठायचो, नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालायचो. माझ्या बायकोलाही मी सगळं सांगितलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात सोलापुरात एका लग्नात जेवणाच्या पंगतीला माझ्या शेजारी एक तरुण वकील बसला होता. मी कोर्टात स्टेनो होतो असं कळल्यावर त्यानं विचारलं, कुणाकुणाकडं काम केलं. मी तीन-चार नावं सांगितली. उमराणीसाहेबांचं नाव ऐकल्यावर तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे रात्रीत निकाल फिरवणारे ते?"

पोरगा तिशीचा. ती गोष्ट घडली तेव्हा तो जन्मलाही नसेल. त्यानं साहेबांना पाहिलेलं नाही, तो निकाल वाचलेला नाही. तरी एवढं एक वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं होतं. ते ज्या माणसामुळं पोचलं तो माणूस त्याच्या शेजारी बसून आमटी-भात खात होता. मी भात संपवला. घरी आलो आणि ही वही काढली.

बसलिंगप्पा उमराणी आधी पुढारी होते आणि मग न्यायाधीश झाले. आपल्याकडं असं फारसं होत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ एक लहानसं नगरपालिकेचं गाव आहे. तिथं ते वकिली करायचे आणि पाच वर्षं नगराध्यक्ष होते. घरात कानडी, बाजारात मराठी, कोर्टात इंग्रजी. तिन्ही भाषा ते एकाच संथ चालीत बोलायचे.

नगराध्यक्षपदाच्या काळातली त्यांची एक गोष्ट त्या गावातले लोक अजून सांगतात. आठवडी बाजारात एका मोठ्या लिंबाखाली बसण्यावरून कांदेवाले आणि बांगड्या विकणाऱ्या बायका यांचं भांडण होतं. सावली कुणाची, एवढाच मुद्दा. प्रकरण पार पोलिसांपर्यंत गेलं होतं. एका बाजाराच्या दिवशी उमराणी सकाळी आठला खुर्ची घेऊन लिंबाखाली जाऊन बसले. सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत ते संध्याकाळपर्यंत तिथंच होते. जेवणही घरून तिथंच आलं. त्यांची आई लांबून बघून शेजारणीला म्हणाली म्हणे, की गावानं माझ्या पोराला अध्यक्ष केलं आणि ह्यानं झाडाची राखण धरली. दिवस मावळताना त्यांनी सांगितलं, की दुपारी बारापर्यंत सावली पश्चिमेला असते, नंतर पूर्वेला. कांदेवाल्यांनी पश्चिमेला बसायचं, बांगड्यावाल्या बायकांनी पूर्वेला आणि बाराचा भोंगा झाला तरी कुणी जागा सोडायची नाही. अर्धा दिवस सावली एकाची, अर्धा दिवस दुसऱ्याची. पहिले काही आठवडे लोक हसले. आता तिथल्या पोरांना वाटतं, बाजार सगळीकडं असाच भरतो.

चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश नेमतात त्या परीक्षेचा अर्ज भरला. नगरपालिकेचा आणि पक्षाचा राजीनामा आधी दिला, अर्ज नंतर. निवड होईल की नाही याची खात्री नसताना. त्यांच्या बायको गंगाक्का मला एकदा म्हणाल्या होत्या, "दोन्हीकडनं गेलं असतं तर ह्यांनी बाजारात बांगड्याच विकल्या असत्या की."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कोर्टात ते रुजू झाले तेव्हा. जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं कोर्ट. नाव सांगत नाही, कारण तिथं अजून माझ्या ओळखीची माणसं कामाला आहेत. वकिलांनी स्वागताचा चहा ठेवला होता. एका ज्येष्ठ वकिलांनी भाषणात चिमटा काढला, की आजवर आम्ही पुढाऱ्यांना कोर्टात उभं करत होतो, आता पुढाऱ्यासमोर उभं राहायची वेळ आली. सगळे हसले. उमराणीसाहेबही हसले. मग उठून म्हणाले, की अमेरिकेत जेव्हा राज्यं नवीनच होती तेव्हा तिथं हे नेहमीचं होतं. माणूस चार वर्षं राज्याचा गव्हर्नर असायचा आणि मग त्याच राज्याच्या कोर्टात न्यायाधीश होऊन बसायचा. अशाच एकाबद्दल त्यांनी वकिलांच्या लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. गव्हर्नर असताना ज्या कायद्यांवर त्यानं सह्या केल्या, त्यांचा अर्थ लावायला पुढं लोक त्याच्याच समोर आले.

"आपण लिहिलेलं वाचताना दुसऱ्याला किती अडखळायला होतं, ते त्या बिचाऱ्याला तेव्हा कळलं असंल," ते म्हणाले. "माझं त्याच्याएवढं अवघड न्हाई. मी फक्त बाजाराचे ठराव केलेत."

त्यानंतर त्यांना पुढारी म्हणून चिडवणं थांबलं. निदान काही दिवस.

त्यांच्या कोर्टात साक्ष चालू असताना पंखा बंद असायचा. सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना याचा अर्थ कळेल. आमचा पंखा जुना होता, घरघर करायचा आणि खेड्यातली माणसं साक्षीला उभी राहिली की हळू बोलतात. साहेब शिपायाला खूण करायचे, पंखा थांबायचा. काळे कोट घातलेले वकील घामानं भिजून जायचे. एकदा एका वकिलांनी विनंती केली, की साहेब, पंखा निदान एकवर तरी ठेवा. साहेब म्हणाले, "तुमचा आवाज पंख्यातबी ऐकू येतो. ह्या बाईंचा येत न्हाई." याचा एक फायदा झाला. उलटतपास आटोपशीर होऊ लागले.

कानडी माणूस साक्षीला आला आणि गडबडला, तर साहेब आधी "हेदरब्याड्री" म्हणायचे, म्हणजे घाबरू नका. त्याला पाणी द्यायला लावायचे आणि मग दुभाष्याला काम सुरू करायला सांगायचे. दुभाषा चुकला तर लगेच थांबवायचे. मधल्या सुट्टीत चेंबरमध्ये गंगाक्कांनी दिलेला डबा उघडायचे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. भाकरी मोडल्याचा कडकड आवाज बाहेर आमच्या टेबलापर्यंत यायचा. शिपाई म्हणायचा, साहेबांचा हुकूम निघाला.

आता त्यांच्या निकाल सांगण्याच्या पद्धतीबद्दल नीट सांगितलं पाहिजे. पुढचं सगळं त्यावरून झालं.

ते चेंबरमध्ये येरझाऱ्या घालत निकाल सांगायचे आणि मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचो. खेड्यातल्या लोकांचं प्रकरण असलं की मराठीत सांगायचे. सुरुवात करायची ती हरणाऱ्या बाजूपासून. त्यांच्या मते जो हरणार, त्याचं म्हणणं आधी, पूर्ण आणि शक्य तितक्या ताकदीनं. त्याच्या वकिलाला सुचलं नसेल तेही ते घालायचे. मग दुसरी बाजू. मग कारणं. शेवटचा परिच्छेद, म्हणजे अपील मंजूर की नामंजूर, तो ते मला कधीच सांगायचे नाहीत. टाइप केलेल्या कागदावर तेवढी जागा कोरी सोडायची. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात बसण्याआधी ते स्वतःच्या हातानं ती जागा भरायचे. "हात लिहिताना अडला तर समजायचं, काहीतरी चुकलंय," असं म्हणायचे.

एकदा जमिनीचा दावा हरलेला एक म्हातारा शेतकरी निकालानंतर चेंबरच्या दारात येऊन उभा राहिला. शिपाई त्याला हाकलत होता, साहेबांनी येऊ दिलं. म्हातारा म्हणाला, "सायेब, हारलो त्ये हारलो. पर माजं म्हननं असं माज्या वकिलालाबी मांडता आलं न्हाय." आणि हात जोडून गेला. त्यानं पुढं अपील केलं नाही.

वर्षभर त्यांचे निकाल उतरवल्यावर ही किल्ली माझ्या लक्षात आली. ज्याची बाजू आधी, तो हरणार. शेवटची जागा कोरी असली तरी मला निकाल आदल्या दिवशीच कळलेला असायचा. हे वकिलांना माहीत नव्हतं, शिपायाला माहीत नव्हतं. मला एकट्याला होतं. त्या वयात मला याचा फार अभिमान वाटायचा. कोर्टाबाहेरच्या टपरीवर पक्षकार नखं खात बसलेले असायचे आणि मी त्यांच्यामधून, सगळं माहीत असलेला माणूस, चहा पिऊन जायचो. दोन वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. हेही खरं आहे आणि मी ते माझ्या बाजूनं सांगतोय, हेही खरं आहे.

मग वाटेचं अपील आलं.

एक मोठे बागायतदार होते, सगळे त्यांना नानासाहेब म्हणायचे. त्यांच्या द्राक्षबागेच्या कडेनं एक गाडीवाट जायची. त्या वाटेनं मागच्या वस्तीतली पंधरा-सोळा घरं रस्त्याला, शाळेला, दवाखान्याला यायची. नानासाहेबांनी तारेचं कुंपण घालून वाट बंद केली. वस्ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टात हरली, कारण वाट आमची आहे असा कागद त्यांच्याकडं नव्हता. नानासाहेबांकडं मात्र आजोबांच्या नावचं जुनं खरेदीखत होतं, कानडीत लिहिलेलं, आणि सोबत त्याचं मराठी भाषांतर.

साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या. एका दुपारी त्यांनी निकाल सांगायला सुरुवात केली आणि सुरुवात केली ती वस्तीपासून. बाळंतिणीला बैलगाडीतून लांबच्या वळणानं न्यावं लागतं, इथपासून सगळं. मला लिहिताना भरून आलं. आणि मला कळलं, की वस्ती हरली.

संध्याकाळी टपरीवर दत्ता भेटला. दत्ता माझ्याबरोबर केम गावच्या शाळेत होता आणि आता नानासाहेबांच्या बागेवर कारभारी होता. तो निकालाचं विचारायला आला नव्हता, तसं मला वाटलं. बसलो, जुन्या मास्तरांच्या गप्पा निघाल्या. उठताना म्हणाला, "मालकांना झोप न्हाय रं. नुस्तं व्हय का न्हाय तेवढं सांग की लेका. तुला तर ठावंच आसंल."

ते "तुला तर ठावंच आसंल" मला गोड लागलं. मी म्हणालो, "झोपा म्हणावं निवांत."

एवढंच बोललो. तीन शब्द. त्याबदल्यात मी काही घेतलं नाही, चहाचेही माझे मीच दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता साहेबांचा शिपाई सायकलवर माझ्या घरी आला. मी बंगल्यावर गेलो. साहेब ओसरीत बसले होते, समोर त्या प्रकरणाची फाइल. रात्रभर जागल्यासारखे दिसत नव्हते, उलट ताजेतवाने होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "माने, माझा हात अडला."

पहाटे शेवटची जागा भरायला बसले आणि त्यांना वाटलं, मूळ खरेदीखत आपण स्वतः वाचलेलंच नाही. भाषांतर करणाऱ्या लेखनिकांची एक सवय असते. जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे, ती चतुःसीमा लांबलचक असते आणि कुणी वाचत नाही, म्हणून ते एवढंच लिहितात, की चतुःसीमा मूळ दस्तात लिहिल्याप्रमाणे. इथंही तसंच लिहिलं होतं. खालच्या कोर्टानं भाषांतर वाचलं, दोन्ही वकिलांनी भाषांतर वाचलं. मूळ कानडी कागदात लिहिलं होतं, की पूर्वेला वस्तीकडं जाणारी गाडीवाट. म्हणजे जमीन वाटेपाशी संपत होती. वाट नानासाहेबांची नव्हतीच. आणि तसं त्यांच्याच आजोबांचा कागद सांगत होता.

"मी कानडी माणूस," साहेब म्हणाले, "आणि कानडी कागद मराठीत वाचून निकाल द्यायला बसलो होतो. बघा की."

ते हसत होते. मी हसू शकलो नाही. कारण येताना रस्त्यातच मला टपरीवाल्यानं सांगितलं होतं, की काल अंधार पडायच्या आत नानासाहेबांनी ट्रॅक्टर घालून ती वाट नांगरून टाकली.

अकरा वाजता साहेबांनी दोन्ही वकिलांना बोलावलं. मूळ कागद पुढं ठेवला. नानासाहेबांचे वकील अक्कलकोटकडचे, त्यांना कानडी यायचं. साहेबांनी त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आहे साहेब. तसंच आहे." दोघांनाही पुन्हा बोलायची संधी दिली. दुपारनंतर निकाल सांगितला. अपील मंजूर, वाट मोकळी करून द्यावी. या वेळी मला नवीन मजकूर उतरवायला सांगताना त्यांनी सुरुवात नानासाहेबांच्या बाजूनं केली होती.

पंधरा दिवसांत नानासाहेबांनी तक्रार केली. वर, थेट हायकोर्टात. निकाल आदल्या दिवशी आमच्या बाजूनं तयार होता, कोर्टातल्याच माणसाकडून आम्हाला तशी पक्की माहिती होती, तो रात्रीत फिरवला गेला. का फिरवला, तर वस्तीतल्या एका घराचा जावई उमराणींच्या जुन्या गावचा, नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांचं काम केलेला. पुढारी शेवटी पुढारीच. जावयाचं खरं होतं. साहेबांना तो आठवतही नव्हता, पण खरं होतं.

चौकशीला वरून एक वरिष्ठ न्यायाधीश येणार असं कळलं. त्याआधी साहेबांना लेखी खुलासा द्यायचा होता. तो त्यांनी मलाच सांगितला.

त्या दिवशी चेंबरमध्ये आम्ही दोघंच होतो. ते येरझाऱ्या घालत होते. त्यांनी आधी तक्रारदाराची बाजू सांगितली. नानासाहेबांच्या तक्रारीत होती त्यापेक्षा जास्त नीट. ज्या माणसाला एक निकाल सांगण्यात आला आणि दुसरा मिळाला, त्याला संशय येणं साहजिक आहे, आपण त्याच्या जागी असतो तर आपल्यालाही आला असता, असं त्यांनी मला लिहायला लावलं. मग म्हणाले, पहिला मसुदा मी सांगितला होता हे खरं आहे. कागद वाचल्यावर तो मी बदलला, आणि बदलणं हे माझं काम होतं. मग ते खिडकीपाशी थांबले. माझ्याकडं पाठ होती.

"लिहा," ते म्हणाले. "तो मजकूर बाहेर कसा गेला हे मला ठाऊक नाही. माझ्या चेंबरमधून गेला असेल तर जबाबदारी माझी आहे."

मी लिहिलं. माझ्या हातानं, शॉर्टहँडमध्ये, मग टाइप करून तीन प्रती काढल्या. एकही चूक झाली नाही.

चौकशीत मला दोन प्रश्न विचारले. पहिला मसुदा तुमच्याकडून कुणी पाहिला का. नाही. निकालाबद्दल तुम्ही कुणाशी बोललात का. नाही साहेब. दत्तानं कुणाचं नाव सांगितलं नाही. त्याची मैत्री माझ्यापेक्षा बरी निघाली. माझ्या दोन मुली तेव्हा शाळेत होत्या, नोकरी गेली असती, घर चालवायला दुसरं कुणी नव्हतं. ही माझी बाजू. उमराणीसाहेबांनी ती माझ्यापेक्षा चांगली मांडली असती.

चौकशीत साहेबांवर काही सिद्ध झालं नाही. पण स्वच्छ आहेत असंही कुणी लिहिलं नाही. त्यांची बदली राज्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. पुढच्या जागेसाठी त्यांचं नाव सगळ्यांत वर होतं, ते मागं पडलं आणि मागंच राहिलं. निवृत्त होईपर्यंत.

इथं वाचणाऱ्याला वाटेल, की माणूस खचला असेल. तसं झालं नाही आणि हेही मला सांगायचं आहे, कारण मी वर्षानुवर्षं ते खचले असतील असं धरून चाललो होतो.

निवृत्तीनंतर ते सोलापूरला राहायला आले. मीही तोवर निवृत्त होऊन मुलीजवळ सोलापुरात आलो होतो. एका सकाळी कंबर तलावावर फिरताना मागून हाक आली, "माने, चाल तीच हाय की!" साहेब होते. त्यांनी माझा हात धरून मला घरी नेलं. गंगाक्कांनी पोहे केले. साहेब त्या लांबच्या जिल्ह्याबद्दल तासभर बोलत होते. तिथलं जंगल, तिथली माणसं, तिथली बोली शिकताना झालेली फजिती. तिथं गेल्यावर वर्षभरातच त्यांनी दुभाष्याच्या चुका काढायला सुरुवात केली होती. त्यांच्या मुलीचं लग्नही त्या बदलीमुळंच जमलं. जावई तिथंच सरकारी डॉक्टर होता, मूळचा हुबळीचा. "वाटेनं मला जावई दिला," असं ते म्हणायचे.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी मी त्यांच्याकडं जायचो. त्यांच्या कॉलनीत त्यांना कुणी पद दिलं नव्हतं, पण भांडणं त्यांच्याच अंगणात यायची. गाडी कुठं लावायची, गच्चीवर टाकी कुणाची, कुणाच्या आंब्याची पानं कुणाच्या दारात. त्यांचा एकच नियम होता. आलेल्यानं आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं आणि ते समोरच्याला पटेल असं सांगायचं. मग स्वतःचं. एकदा दोन शेजारी पाऊण तास एकमेकांची बाजू मांडत बसले आणि शेवटी आपलं भांडण नेमकं काय होतं यावरच त्यांचं एकमत होईना. गंगाक्का आतून म्हणाल्या, "चहा टाकू का जेवायलाच थांबताय?" दोघं उठून गेले, हसत गेले. साहेबांचा चेहरा त्या वेळी लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या माणसाचा असणार तसाच होता. मी तो बाजार पाहिलेला नाही, पण मला तसं वाटलं.

अशाच एका दुपारी, कुणीही आलेलं नसताना, तो विषय त्यांनीच काढला. बहुतेक पेपरात कुठल्यातरी निकालाची बातमी होती. मी म्हणालो, "साहेब, तुमच्यावर तेव्हा अन्याय झाला."

ते म्हणाले, निकाल बरोबर होता, वाट मोकळी झाली, आता तिथं डांबरी रस्ता आहे. मग म्हणाले, "बाहेर कोण बोललं, ते मी शोधलं न्हाई, माने. शोधलं असतं तर सापडलं असतं. मग मला त्याचा निकाल द्यायला लागला असता. आणि त्याची बाजू मला आधी मांडायला लागली असती."

आणि त्यांनी माझ्याकडं शेंगाच्या लाडवांची ताटली सरकवली.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. दार त्यांनीच उघडं ठेवलं होतं. मी लाडू घेतला. चांगला झालाय म्हणालो.

गेल्या वर्षी त्यांनी सोलापूर सोडायचं ठरवलं. गंगाक्कांचे गुडघे दुखायचे, साहेबांना दिसायला कमी झालं होतं आणि मुलगी हुबळीला बोलावत होती. घर आवरताना त्यांनी मला दोन कायद्याची पुस्तकं आणि एक टेबलावरचा दिवा दिला. जायच्या दिवशी मी सकाळीच स्टेशनवर गेलो. आदले चार दिवस मी एक वाक्य तयार करत होतो. साधं, दोन ओळींचं. रिक्षात बसून ते मनातल्या मनात म्हणत गेलो.

प्लॅटफॉर्मवर साहेब खुशीत होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात काठी. कॉलनीतली दहा-बारा माणसं आली होती, त्यात ते दोन शेजारीही. साहेब सगळ्यांना सांगत होते, की हुबळीच्या घरासमोर मोठं पटांगण आहे आणि तिथली पोरं क्रिकेटवरून फार भांडतात असं जावयानं कळवलंय, म्हणजे काम आहे. गंगाक्का म्हणाल्या, "तिथंबी ह्यांचं कोर्ट लागणार. मला गुडघ्याचं औषध कोण देणार?" सगळे हसले, मीही हसलो.

गाडी आली. मी त्यांच्या पिशव्या आत ठेवल्या, खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिलो. बाकीची माणसं गंगाक्कांशी बोलत होती. साहेब खिडकीच्या गजावर हात ठेवून माझ्याकडं बघत होते, अधू डोळ्यांनी, नीट दिसावं म्हणून जरा पुढं वाकून.

"माने," ते म्हणाले, "मघापासून काहीतरी सांगायचंय तुम्हाला. सांगा की."

मी म्हणालो, "पाणी घेतलंय ना साहेब बरोबर?"

त्यांनी बाजूची बाटली उचलून मला दाखवली. गाडी हलली. बाटली तशीच हातात धरून ते मला दिसेनासे होईपर्यंत हसत होते.

चार महिन्यांनी हुबळीहून जावयांचा फोन आला. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत, असं म्हणाले. त्रास झाला नाही.

खिडकीपाशी म्हणायचं होतं ते असं होतं: साहेब, दत्ताला मी सांगितलं होतं, आणि चौकशीत मी खोटं बोललो. मला माफ करा.